बेरियमचा पेला
परवा मनीषनगरात शेजारच्या मुलीच्या वहीत क्षारांच्या विद्राव्यतेचा तक्ता दिसला. बहुतेक सल्फेट पाण्यात विरघळतात, बेरियमचं नाही. ही ओळ मी बारावीत पाठ केली, त्याच आठवड्यात वडिलांना सदर भागातल्या एक्स-रे केंद्रात नेलं होतं. दोन महिने त्यांना भाकरी गिळता येत नव्हती. तंत्रज्ञाने पांढऱ्या द्रवाचा पेला दिला. तो पिताना अन्न कुठे अडतं ते पडद्यावर दिसणार होतं. वडिलांनी आयुष्यभर हातमागाचं सूत रंगवलं होतं. त्यांनी सवयीने पेला उजेडात धरला, तळाचा गाळ पाहिला आणि खाली ठेवला. "हे तं विरघळलंच नाही वं. गाळ राहिला का सुतावर डाग पडते." मी म्हणाले, "बाबा, विरघळणारं बेरियम विषारी असते. पण हे सल्फेट आहे, विरघळत नाही, म्हणून रक्तात जात नाही. जसंच्या तसं खाली उतरते." "पक्कं सांगून राहिली ना?" "पक्कं." ते तंत्रज्ञाला म्हणाले, "पोरगी सायन्सले आहे," आणि पेला उचलून आत गेले. मी बाहेरच्या पडद्यावर पाहत होते. पांढरी रेघ छातीपर्यंत आली आणि थांबली. दुसरा घोट तिच्यावर साचला. आतून वडिलांनी विचारलं, "उतरलं का वं?" मी म्हणाले, "उतरून राहिलं, बाबा." ते अडलंय हे त्यांना छातीत कळत असणारच. तरी त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, की मला सांभाळून घेतलं, हे मला आजही सांगता येत नाही.