चौथं नाव

आमच्या जुन्नरच्या गल्लीत कुणा बाईला काम हवं असलं की ती थेट जहाँआराभाभीचं दार गाठायची. द्राक्षं उतरवायची असोत की कांदा निवडायचा असो, बागाईतदार भाभीलाच फोन करत, आणि चहा उकळेपर्यंत ती टोळी उभी करी. त्यासाठी तिनं कधी कुणाकडून काही घेतलं नाही. मी तिची शेजारीण. तोंडावर म्हणायची, भाभी, लष्कराच्या भाकऱ्या भाजताय. ती हसायची आणि आपला डबा भरायला घ्यायची, कारण टोळीत ती स्वतःही राबायची.

नूतनला नवऱ्यानं टाकलं तेव्हा भाभीनंच तिला टेम्पोत बसवलं. आरतीला ऐकू येत नाही म्हणून कुणी कामाला घेईना, तर हिनं तिला शेजारी घेऊन घडातले खराब मणी कात्रीनं कसे काढायचे ते खुणांनी शिकवलं. दुपारी सगळ्यांचे डबे मधोमध उघडायचे आणि भाभीच्या लसणाच्या चटणीवरून भांडणं व्हायची.

मग नारायणगाव रस्त्याला माल निवडून पेट्या भरणारं ते मोठं पॅकहाऊस आलं. टोळी नको, मुकादम नको. बायका थेट कंपनीच्या, पगार बँकेत, ऐकू न येणाऱ्यांनाही जागा. चांगलंच होतं ते, मी नावं ठेवणार नाही. भाभी सगळ्यांना घेऊन मुलाखतीला गेली. भरती करणारी पोरगी एकेकीला म्हणे, स्वतःविषयी सांगा. बायकांची दातखीळच बसली. शेवटी भाभी बोलली. नूतनचा हात किती चपळ, आरतीची नजर कशी घारीसारखी, तिला हाक मारू नका, नुसता हात हलवा. सगळ्या लागल्या. भाभीला मात्र त्या पोरीनं मुकादम समजून बाहेर बसवलं. मीपण कामालाच आलेय, एवढं एक वाक्य या बाईच्या तोंडून फुटलं नाही. दुसऱ्यासाठी भांडेल, स्वतःचं म्हटलं की मूग गिळून गप्प.

आता बागाईतदारही माल तिकडंच देतात, त्यामुळं तिचा फोन वाजत नाही. सकाळी कंपनीची बस आली की ती ओट्यावर येते. बायका खिडकीतून हात हलवतात. बस वळून गेली तरी ही तिथंच उभी.

एकदा मला म्हणाली, "पोरं काय कमी पडू देत नाय गं. पण एकटीनं भाकर खाववत नाय. घास उचलला की वाटतं, आता नूतन चटणी वढंल."

मग नूतनला सांगा की तसं, मी चिडून म्हटलं. तिला कळत नसंल का, असं म्हणून तिनं विषय मोडला.

नूतनला खरंच कळत नव्हतं. परवा संध्याकाळी तिचा भाभीला फोन आला तेव्हा मी भाभीजवळच मेथी निवडत बसले होते. कंपनीला आणखी चार बायका हव्या होत्या, ओळखीतल्याच. भाभीनं तीन नावं पटापट सांगितली आणि थांबली. मी तिला कोपरानं ढोसलं. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"चौथं माझं लिव," ती म्हणाली.

फोनचा आवाज मोठा होता. नूतन मनापासून हसली. "काय भाभी, चेष्टा करता व्हय? आख्ख्या जुन्नरला काम लावणाऱ्या तुमी. तुमाला कशाला लागतंय काम?"

मला वाटलं, फोन हिसकावून घ्यावा. पण भाभीही हसली. मग तिनं गल्लीतल्या कोंडाबाईच्या सुनेचं नाव सांगितलं. पोरगी बुजरी आहे, सुरुवातीला तिला एकटी सोडू नका, असंही वर बजावलं.