चार गेअर मागं, एक पुढं

आमच्या अंगणात मी जी गाडी बांधली ती पाहायला अर्धी अमरावती येऊन गेली. उरलेली अर्धी निघाली होती, पण बडनेरा रोडवर गर्दीत अडकली, असं मी सांगतो. खरं म्हणजे शेजारचे चार जण आले आणि गॅसचं सिलिंडर आणून देणारा एक माणूस आला. पण त्या माणसानं गाडीला दोन प्रदक्षिणा घातल्या, पाइपांचा पिंजरा हलवून पाहिला आणि मला विचारलं, "सर्कस कवा सुरू होऊन राह्यली जी?"

त्याचं चुकलं नाही. गाडीला दारं नव्हती, टप नव्हता, बोनेट नव्हतं. दोन सीट, एक डिझेल इंजिन, ट्रॅक्टरला शोभतील असे चार टायर आणि सगळ्यांभोवती लोखंडी पिंजरा. या गाडीचं काम एकच. पोत्याएवढ्या, मग म्हशीएवढ्या दगडांवरून घोरपडीसारखं सरकत वर जायचं. वेग विचारू नका, वरातीतली घोडी तिच्याआधी मांडवात पोचते. असल्या गाड्या मी मोबाइलवर पाहिल्या आणि माझी झोप उडाली. धंदा म्हणाल तर विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करायचा. एका गिऱ्हाइकाच्या गोठ्यात जुनी जीप पडून होती, तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. मी कोंबड्यांना दुसरी जागा करून दिली आणि जीप घरी आणली. पहिले आठ दिवस एक कोंबडी अमरावतीपर्यंत चालत येऊन स्टेअरिंगखाली बसत असे. हे खोटं वाटलं तर कोंबडीला विचारा.

बायको म्हणाली, "लोकायचे नवरे बायकोले चिखलदऱ्याले नेतेत."

"मी पन नेतो ना. रस्त्यानं कोनीबी नेते, मी दगडावरून नेतो."

"मंग तुमीच जा."

त्याच दिवसांत माझे सासू-सासरे अकोल्याहून आमच्याकडे राहायला आले. आमच्याकडे जावई सासऱ्यांना मामाजी म्हणतो, सासूबाईंना मामीजी. मामाजींनी एकतीस वर्षं लाल बस चालवली. कंडक्टर पाण्यानं भरलेला पेला बोनेटवर ठेवायचा आणि घाट चढून जाईपर्यंत थेंब सांडायचा नाही. हे मी नाही सांगत, मामीजी सांगतात, आणि त्या खोटं बोलत नाहीत. घरात तो कारभार माझ्याकडे आहे.

पण आमच्याकडे येण्याआधीच्या पावसाळ्यात अकोल्यात एका वळणावर सांडलेल्या बारीक गिट्टीवरून त्यांची स्कूटर घसरली. मागं मामीजी बसल्या होत्या. त्यांचा डावा हात मनगटापाशी मोडला. मामाजींना साधं खरचटलंसुद्धा नाही, आणि तेच त्यांना लागलं. तेव्हापासून त्यांनी हँडलला हात लावला नाही. ऑटोत बसले तर डोळे मिटून बसत. आमची साधी कार फाटकाबाहेर काढा म्हटलं तर म्हणत, "माहे हात गेले आता, जावईबापू." हात कुठंही गेले नव्हते. रोज सकाळी ते त्याच हातांनी असा नारळ सोलत की नारळ आपण होऊन शेंडी पुढं करी.

एकदा मामीजी स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या, त्या बऱ्या झालेल्या हातानं. तव्याकडे पाहतच मला म्हणाल्या, "हात मोडला माहा, अन् पलस्तर बसलं यायले. माहं तं निंगालं. यायचं कवा निंगते, देवाले मालूम."

त्या दिवसापासून मी जरा लबाडी सुरू केली. मामाजींची खुर्ची मी अंगणात गाडीकडे तोंड करून ठेवायचो. ते यायचे, खुर्ची उचलून तुळशीकडे फिरवायचे आणि बसायचे. महिनाभर आमचा हा सामना चालला. त्या खुर्चीचे चारही पाय झिजून बोटभर खाली आले.

गाडीचं खरं काम करायला मिस्त्री अकोल्याहून पॅसेंजरनं यायचा. त्याच्या घराण्यात आज्यापासून कापसाच्या ट्रॉल्या बांधतात. त्यानं जोडलेलं लोखंड तोडायला यम आला तरी म्हणेल, "दुसरं काई काम असन तं सांगा." पिंजऱ्याचे पाइप वाकवताना त्यानं आधी त्यांत कोरडी रेती ठासून भरली, दोन्ही टोकांना लाकडी गुटके ठोकले आणि मग गॅसनं तापवून हळूहळू वळवले. रेती भरली की वाकताना पाइप पिचकत नाही.

"लोहा बच्चे जैसा होता भाऊ," तो म्हणायचा, "पेट भरा रहेगा तो जैसा बोलो वैसा मुडेगा."

"अन् माणूस?"

"इन्सान का उल्टा है. पेट भरा की ऐकतच नाही."

तर गाडी उंच करायची होती. जुन्या जीपमध्ये स्प्रिंगचे पट्टे एक्सलच्या खालून जातात. तेच पट्टे एक्सलच्या वरून घेतले की गाडी वीतभर वर उचलली जाते आणि दगड पोटाला घासत नाही. त्यासाठी एक्सलच्या वरच्या अंगाला नव्या बैठका वेल्ड करायच्या, एवढंच काम. त्या दिवशी मी नांदगाव खंडेश्वरकडे एका विहिरीत उतरलो होतो. वरून एकानं माझा मोबाइल दोरीनं खाली सोडला. मिस्त्रीचा फोन होता.

"भाऊ, मांगच्या एक्सलचं काय करू?"

"पलटवून टाका," मी म्हणालो. मला म्हणायचं होतं पट्टे पलटवा, वर घ्या.

"एक्सल पलटवू? पक्का?"

इथं मी थांबायला पाहिजे होतं. पण "थांबा, विचार करून सांगतो" एवढे शब्द तोंडातून निघायला आमच्याकडे पोलीस लागतात. मी विहिरीच्या तळातून गर्जलो, "पक्का म्हंजे? हजार टक्के!"

"नाई, म्हंजे अंदरचे दाते..."

"मिस्त्री, सहा महिने अभ्यास केला मी!"

"जो हुकूम."

संध्याकाळी घरी आलो तर गाडी राजासारखी उंच उभी. मिस्त्री हात पुसत होता. मामाजी तुळशीकडे तोंड करून चहा पीत होते. मी बेल्ट बांधला, इंजिन सुरू केलं, पहिला गेअर टाकला, क्लच सोडला आणि गाडी मागं गेली. अशी गेली की बायकोच्या बारा कुंड्या फुटल्या. (तीन.) घाबरून मी दुसरा टाकला, ती अजून जोरात मागं गेली आणि पेरूच्या झाडाला टेकून थांबली. मग मला वाटलं, चारही चाकांना जोर दिला तर शहाणी होईल. दांडा ओढला. आता पुढची चाकं चिखलदऱ्याकडं निघाली आणि मागची अकोल्याकडं. गाडी जागच्या जागी थरथरायला लागली, जशी नवरा-बायको लग्नाला निघतात आणि दारातच कुठल्या रस्त्यानं जायचं यावर भांडतात. शेवटी दांडा परत ढकलून रिव्हर्स टाकला तेव्हा कुठं ती बाईसाहेब पुढं आली.

चार गेअर मागं, एक पुढं. अशी गाडी साऱ्या हिंदुस्थानात फक्त माझ्याकडं होती.

मी खाली उतरलो. मामाजींचे खांदे हलत होते. मला वाटलं त्यांना ठसका लागला. ते हसत होते. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा.

"मले दिसलं होतं," ते तुळशीला म्हणाले. "तेलाचं बूच खाली आलं तवाच दिसलं. एक्सल उलथा बसवला. अंदरच्या गेअरचे दाते दुसऱ्या अंगाले गेले, चाक उलटं फिरनच."

"मंग बोलले काहून नाई, मामाजी?"

"मी गाडीतलं बोलत नाई आता." हसू पुसून त्यांनी कप उचलला आणि आत गेले.

मिस्त्रीचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. त्याचं म्हणणं साधं होतं. कापसाची ट्रॉली वर्षभर ओझं वाहते, तिचा एक्सल मधे वाकतो. मग तो काढून पलटवायचा, पोक वर करायचं. पुढच्या हंगामाचा कापूसच त्याला दाबून सरळ करतो. त्याचा आजा तेच करायचा, बाप तेच. ट्रॉलीच्या एक्सलच्या पोटात दाते नसतात, वर काय अन् खाली काय. शिवाय इथं पलटवल्यावर पट्ट्यांच्या जुन्या बैठका आपोआप वर आल्या, वेल्डिंगच करावं लागलं नाही. त्याला वाटलं, भाऊनं काय डोकं लावलं!

"अब एकच बताओ भाऊ," तो म्हणाला, "हुकूम चुकला का हात चुकला?"

मी पेरूच्या झाडाकडे पाहिलं, फुटक्या कुंड्यांकडे पाहिलं. तिथं दोष देण्यासारखं कुणीच सापडलं नाही.

"हुकूम चुकला, मिस्त्री."

"बस. फिर कोई बात नहीं." आणि तो खरोखरच दुसऱ्या दिवशी शीळ घालत आला, एक्सल सरळ केला, नव्या बैठका वेल्ड केल्या. तो जायला निघाला तेव्हा तुळशीजवळून आवाज आला, "तेल पाहून घ्या म्हना. उलथं असताना गळलं असन." मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. तेल खरंच अर्धं गळलं होतं.

गाडी चढवायला जागा मिळाली ती गावाबाहेरची बंद पडलेली गिट्टीखदान. मालक माझं गिऱ्हाईक. त्यानं परवानगी दिली, पण स्वतः आला नाही. म्हणाला, "मले साक्षीदार व्हायचं नाई." ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर गाडी चढवून एका रविवारी सकाळी आम्ही गेलो. मी, मिस्त्री आणि मामाजी-मामीजी. मामाजींना मी फक्त डब्याची पिशवी धरायला चला म्हटलं होतं.

चढण हिमालयाएवढी होती. मिस्त्री दोन माणसांएवढी म्हणतो, त्याची नजर अधू आहे. मी हेल्मेट घातलं, सगळ्यांना हात केला आणि निघालो. पहिला दगड छान चढला. दुसऱ्यावर पुढचं डावं चाक हवेत गेलं आणि समोरची जमीन नाहीशी होऊन नुसतं आभाळ दिसायला लागलं. माझा क्लचवरचा पाय शिलाई मशीनसारखा चालायला लागला. सहा महिन्यांचा अभ्यास कुठल्या खिशात ठेवला ते आठवेना.

"इंजन बंद नोका करू!" खालून आवाज आला. मामाजी पिशवी ठेवून पुढं आले होते. "रिव्हर्स टाका. क्लच सोडून द्या, पुरा. इंजनच धरन तिले. येऊ द्या. येऊ द्या. उजव्या हातानं घ्या. येऊ द्या... बस!"

मी खाली आलो. दगडावर बसून पाणी प्यायलो आणि आयुष्यात पहिल्यांदा काही न वाढवता एक वाक्य बोललो, "मामाजी, माझ्याच्यानं होत नाई. तुमी पाहा."

"माहे हात गेले, जावईबापू."

मी अजून काही बोलणार तोच मामीजी उठल्या. पदर खोचला, पिंजऱ्याच्या पाइपाला धरून डाव्या सीटवर चढून बसल्या आणि बेल्ट उलटसुलट करून पाहायला लागल्या. "मिस्त्री, हे कुठं अडकवतेत?"

मिस्त्रीनं निमूटपणे बेल्ट लावून दिला, डोक्यावर हेल्मेट ठेवलं.

"कुठं चालली?" मामाजी म्हणाले.

"वर."

"कोनासंग?"

"जावई नेतीन ना."

मी जन्माचा लबाड आहे, पण त्या क्षणी मला काही सुचलं नव्हतं, माझे पाय आपण होऊन उचलले गेले. मी चालकाच्या सीटवर जाऊन बसलो आणि मोठ्यानं म्हणालो, "चला मामीजी, अल्लग नेतो, धक्काबी लागू देत नाई."

मामाजींनी माझ्या क्लचवरच्या पायाकडे पाहिलं. तो अजून थरथरत होता. मग मामीजींच्या डाव्या मनगटाकडे पाहिलं. स्वतःच्या हातांची भीती मोठी का या जावयाच्या पायाची, याचा हिशोब तिथं उभ्याउभ्या झाला असावा.

"उतरा," ते म्हणाले.

"मामाजी, मी..."

"उतरा म्हनलं ना!"

मी असा उतरलो की बूट सीटवरच राहिला.

ते बसले. सीट पुढं घेतली. बेल्ट लावला. स्टेअरिंगवर हात ठेवायला त्यांनी इतका वेळ घेतला की मिस्त्री पुटपुटत दुआ मागायला लागला. मग एकेक बोट टेकवलं. मामीजी समोर पाहत राहिल्या.

"मनगट दुखते का?" मामाजींनी विचारलं.

"दगड पाहा. माह्याकडे काय पाहून राह्यले?"

मग गाडी हलली. हलली म्हणजे किती, तर एखाद्या म्हाताऱ्यानं कूस बदलावी तेवढी. एक चाक दगडावर ठेवलं, थांबले. दुसरं ठेवलं, थांबले. इंजिनचा आवाज एकदाही वाढला नाही. ज्या दगडावर मला आभाळ दिसलं होतं तिथं डावं चाक पुन्हा उचललं गेलं, मामीजी वर झुलल्या, मिस्त्रीनं माझा दंड दाबला. मामाजींनी स्टेअरिंग दोन बोटं उजवीकडे घेतलं आणि चाक दगडावर असं टेकलं जसं झोपलेल्या लेकराखालून हात काढून घ्यावा. मग ते वर पोचले. माथ्यावर गाडी उभी राहिली, इंजिन चालूच. दोघं आमच्याकडे पाठ करून बसले होते. काय बोलले ते मला माहीत नाही. मिस्त्री वर जायला निघाला तर मी त्याची कॉलर धरली.

बऱ्याच वेळानं मामीजींचा आवाज आला, "आता उतरवा. जावयाच्या भरोशावर मले येथं नोका ठेवू."

ते उतरले. खाली येऊन वळले आणि पुन्हा चढले. तिसऱ्यांदा दुसऱ्या बाजूनं, जिथं चढण जास्त खडी होती. चौथ्यांदा मामीजींना उतरवून मिस्त्रीला घेऊन गेले. मी हेल्मेट काखेत धरून रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला तेव्हा म्हणाले, "तुमी मंग. तुमचा पाय बसू द्या पह्यले." आम्ही दगडांवर बसून भाकरी-ठेचा खाल्ला, त्यांनी घास चढणीवरच खाल्ला, मामीजींनी वर जाऊन भरवला. ते थांबले ते डिझेल संपलं म्हणून, माथ्याच्या अलीकडे, अगदी मधोमध.

"जावईबापू," वरून हाक आली, "डिझेल आना जी. येथंच बसतो मी, ब्रेक धरून."

मी आणि मिस्त्री कॅन घेऊन उन्हातून पंपाकडे निघालो. जाताना मिस्त्री म्हणाला, "भाऊ, गाडी गई अब तुम्हारी."

"गेली," मी म्हणालो.

पंप तिथून दीड किलोमीटर होता. सांगताना मी आठ सांगतो.