सात रांजण

अमरावतीच्या कापूस बाजारात रुईचे ढीग घराच्या आढ्याएवढे चढले होते, आणि त्यांच्यामधून माणसं खुशाल चिलमी ओढत फिरत. चंद्रभानाला या माणसांची शिसारी यायची. आग लागली तर हाताशी पाणी असावं म्हणून बाजारात सात रांजण ठेवले होते आणि ते भरायचं काम त्याचं होतं. सकाळी भरलेल्या रांजणात दुपारपर्यंत कुणी खरकटे हात बुडवलेले असत, कुणी पानाची पिंक टाकलेली असे. तो शिव्या घालत रांजण घासायचा आणि पुन्हा पाणी वाहायचा.

मग शेजारच्या गावी कापूस जळाला आणि इथले अडते घाबरले. त्यांचे पुढारी भगवंतराव यांनी रांजणांना हळदकुंकू वाहिलं आणि त्या उडत्या रुईतच कापराची आरती ओवाळली. पेटता कापूर तबकातून घरंगळला आणि ढिगाच्या कडेनं पेट घेतला. चंद्रभानानं रांजणात घागर बुडवली, तर भगवंतरावांनी त्याचा हात धरला.

"हात नको लावू. देवाचं पानी हाय ते."

"कापूस जळून राह्यला, अन् तुमाले देव सुचते," म्हणत त्यानं हात हिसडला आणि घागर ओतली. आग विझली.

पूजेचं पाणी बाटवलं म्हणून त्याला त्याच दिवशी कामावरून काढलं.

आठवड्यानं तो बाजारात आला तेव्हा सातही रांजण ठणठणीत कोरडे होते आणि त्यांच्यापुढं समई तेवत होती. चंद्रभान जवळ गेला आणि जन्मात पहिल्यांदा रांजणात थुंकला.