इंजिनाच्या पाइपातला कापूस

कारंजा गावाजवळ आमची संत्र्याची बाग होती आणि तिथल्या विहिरीवर तेलाचं इंजिन. पावसाळ्यात ते बंदच असे. पुढे हिवाळ्यात झाडांना ताण द्यायचा, म्हणजे पाणी तोडायचं, म्हणून तेव्हाही बंद. ताण सोडायचा दिवस मात्र चुकवून चालत नसे. झाडं आणखी तहानेली राहिली की बहार हातचा गेला.

सुनेनं सासऱ्यांशी बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. लग्नाला दोन वर्षं झाली तरी मामाजींशी मी एक शब्द बोलले नव्हते. निरोप सासूबाईंमार्फत. माहेरी मी बडबडी म्हणून प्रसिद्ध. इथे जीव गुदमरायचा आणि रागही यायचा.

आदल्या वर्षी, इंजिन गार ठेवायला ज्या बारीक पाइपातून पाणी खेळतं, त्यात कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं. ते कोरण्यात दोन दिवस गेले. म्हणून यंदा इंजिन झाकून ठेवलं तेव्हा मी शहाणपणा केला. सोडवून ठेवलेल्या बारीक पाइपाच्या दोन्ही तोंडांत कापसाचे बोळे कोंबले. कापसाला काय तोटा, घरात ढीग होता. सांगितलं मात्र कोणालाच नाही.

ताण सोडायच्या सकाळी मी कुंकवाचं ताट घेऊन विहिरीवर गेले. सवाष्णीनं कुंकू लावल्याशिवाय इंजिन सुरू करत नसत. हे आर्वीला शाळेवर, सासूबाई तापानं पडलेल्या. विहिरीवर मामाजी आणि गावातून बोलावलेला मिस्त्री, दोघंच. बाहेरचा बोळा उपटून फेकलेला दिसला, तेव्हा आतला, इंजिनाकडचाही काढला असेल असं मी धरून चालले.

हँडल फिरलं, इंजिन धडधडलं, पाटात पाणी पडलं. मामाजींनी बारीक पाइपाच्या तोंडाशी हात धरला. कोरडा.

"हवा अडकली असन. चालू द्या, येते पानी," मिस्त्री म्हणाला.

पाणी येईना. तापल्या लोखंडाचा वास सुटला आणि मला उमगलं: पाइप इंजिनाला जोडताना मिस्त्रीनं आतला बोळा पाहिलाच नव्हता. इंजिन जाम झालं तर बाग वाळणार, आणि ती माझ्यामुळे. थेट बोलायचं नाही, म्हणून शेजारी बांधलेल्या बैलाकडे तोंड करून मी म्हणाले, "पाइपात कापूस हाये, कोनी सांगा त्यायले." त्या आवाजात कोण ऐकतो.

"मामाजी, बंद करा ते," मी ओरडले. "आत कापूस हाये."

मामाजींनी आधी इंजिन बंद केलं, मग माझ्याकडे पाहिलं. मिस्त्रीनं पाइप खोलून भिजलेला बोळा ओढून काढला. इंजिन निवू दिलं, पुन्हा हँडल मारलं, आणि बारीक धार कोमट, सरळ पडू लागली. मला रडूच आलं, बरं वाटून.

"काऊन कोंबला होता?" मामाजींनी विचारलं. मलाच.

मी कुंभारमाशीपासून सुरुवात केली. अर्धी बाग भिजेपर्यंत मामाजी फावड्यानं पाणी वळवत होते, आणि मी त्यांच्या मागे मागे फिरत बोलतच होते.