कानशिलातली शीर आणि डावी पाकळी

डॉक्टरांनी माझ्या उजव्या कानशिलावरची टणक झालेली शीर बोटाने चाचपली आणि म्हणाले, "जायंट सेल आर्टेरायटिस." म्हणजे डोक्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींना सूज. ती वाढली की डोळ्याला रक्त पोचत नाही. माझ्या उजव्या डोळ्याला सकाळपासून पोचत नव्हतं.

"आधीच्या डॉक्टरांनी लगेच जायला सांगितलं होतं. मग थांबलात कशाला?"

बायको म्हणाली, "देवान डावी दिली."

मी चपलांकडे बघत राहिलो.

सुरुवात जबड्यापासून झाली. धारगळला आमचं हार्डवेअरचं दुकान. सकाळी चहाबरोबर उंडा, म्हणजे आमच्याकडचा गोल पाव, खाताना अर्ध्यावरच जबडा दुखून थांबायचा. गोष्टी सांगतानाही तेच; मी मध्येच थांबलो की घरच्यांना सुटल्यासारखं वाटायचं. दातांच्या डॉक्टरांच्या मागे लागून मी एक दाढ काढून घेतली. दाढ धडधाकट निघाली.

मग केस विंचरताना कानशील ठणकू लागलं. डिचोलीच्या डॉक्टरांनी ईएसआर ही रक्ततपासणी केली. शरीरात कुठे सूज असली की तो आकडा चढतो. माझा भलताच चढला होता. "आजच मोठ्या हॉस्पिटलात जा. स्टेरॉइड सुरू झालं नाही तर डोळे जातील," ते म्हणाले.

मी घाबरलो आणि हळर्णला कुळदेवाकडे गेलो. मोठं काही करायचं तर आमच्याकडे प्रसाद घेतात. मूर्तीवर ओल्या पाकळ्या लावून प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको.

"हॉस्पिटलात जाऊ?" उजवी पडली. प्रश्न नीट पोचला नसेल म्हणून पुन्हा विचारला. पुन्हा उजवी. मग म्हटलं, "गणपतीची चतुर्थी होईपर्यंत थांबू?" डावी.

म्हातारा गुरव म्हणाला, "बाबल्या, तुका देवाचो कौल व्हयो काय तुझ्या मनातलो?"

घरी येऊन बायकोला एवढंच सांगितलं, "देवाने डावी दिली." प्रश्न कोणता होता, हे तिने विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी खिळे जोखताना उजव्या डोळ्यावर पडदा उतरला.

हॉस्पिटलात स्टेरॉइडची सलाईन लागली. बायोप्सी झाली, म्हणजे त्या शिरेचा छोटा तुकडा काढून तपासला. डॉक्टरांनी समजावलं, "टी-सेल या शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी. त्या शिरेच्या भिंतीत घुसल्यात आणि मॅक्रोफेज नावाच्या पेशींना बोलावून घेतलंय. त्या एकमेकींत मिसळून मोठ्या होतात, भिंत सुजते, आतली वाट बंद." गावचा राखणदारच घरात शिरून भांडी फोडू लागला, असं मी समजलो. स्टेरॉइड त्याला आवरतं.

"डावा डोळा वाचेल," डॉक्टर म्हणाले. "उजवा परत येणं कठीण."

आमची चतुर्थी त्या वॉर्डातच गेली. रोज देवापुढे दिवा लावल्याशिवाय चहा न घेणाऱ्या माझ्या बायकोने पर्समधली अंगाऱ्याची पुडी काढून खिडकीत ठेवली. "त्याच्या सांगण्यान थांबलाव आणि त्याणाच डोळो नेलो. आता माका त्याचा तोंड बघूचा नाय."

दिवसभर ती हेच म्हणत राहिली. शेवटी मी सगळं सांगितलं. तिन्ही प्रश्न, तिन्ही पाकळ्या.

ती म्हणाली, "म्हणजे मी देवाक फुकट शिव्या घातलंय?"

"होय."

"आणि तुमी आयकत होतात."

"होय."

तिने पुडी उचलून कपाळाला लावली. "मी हळर्णाक जावन येतंय. पाया पडूक व्हया."

"आणि मी?"

"तुमचा मागाहून बघूया."

पन्नाशीनंतर चावताना जबडा दुखत असेल, कानशील ठणकत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. देवाला विचारायचंच असेल तर एकदाच विचारा, आणि घरी पूर्ण सांगा.

माझा डावा डोळा शाबूत आहे, ही डॉक्टरांची कृपा. गोळ्या अजून चालू आहेत. सकाळची गोळी बायकोच आणून देते. मुद्दाम उजव्या बाजूला उभी राहते. गोळी घ्यायची तर मान पूर्ण वळवून तिच्याकडे बघावं लागतं.