चुकीचं श्रेय

"उघडलं कोनं?" असं विचारून ताई चष्मा कपाळावर चढवायच्या आणि उत्तर येईपर्यंत तिथेच उभ्या राहायच्या. प्रश्न चहाच्या थर्मासबद्दल असो, खिडकीबद्दल असो की प्रोग्राममधल्या एखाद्या फाइलबद्दल, सूर एकच. कोणी उघडलं ते कळलं की पुढचा प्रश्न यायचा, "मंग बंद कोन करन?"

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. त्याची चेष्टा करायची आणि अडचण आली की त्याच्याचकडे जायचं, अशी आपली रीत. आम्हीही तेच करायचो.

आमची कंपनी वर्ध्याजवळ पिपरी मेघेत, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर होती. नावात 'ग्लोबल' हा शब्द होता. हा ग्लोब पुलगावला सुरू होऊन समुद्रपूरला संपायचा. जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गाड्यांचं वजन करणारे जे काटे असतात, त्यांना जोडायची एक लहानशी पेटी आम्ही बनवायचो. काट्यावरचं वजन वाचायचं, बाहेरच्या बोर्डावर दाखवायचं, पावती छापायची, एवढंच तिचं काम. ताई अल्लीपूरहून बसनं यायच्या, आल्या आल्या कीबोर्डावरचं पीठ पुसायच्या आणि त्या पेटीच्या पोटातला प्रोग्राम लिहायच्या. इंजिनिअर त्याही होत्या, मीही होतो. फरक इतकाच की मला घरी जायची घाई असायची.

मी नवा होतो तेव्हा त्यांनी मला चपलांवरून शिकवलं. जत्रेत चप्पल स्टँडवर चपला दिल्या की बिल्ला मिळतो, त्यावर नंबर असतो. प्रोग्रामनं एखादी फाइल किंवा काट्याची वायर उघडली की यंत्र त्याला तसाच एक नंबर देतं. "हा नंबर तू कागदावर लिहून दुसऱ्या स्टँडवाल्याले दाखवला, तर तो तुले कोनाच्या चपला देईन?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दुसऱ्याच कोणाच्या तरी. "हाव. म्हनून नंबर सांगाचा नाई. यंत्राच्या हातून रीतसर सोपवाचा. अन् ज्याच्याकडं गेला, त्यानंच बंद कराचा. एकदाच."

पेटीत तीन-चार प्रोग्राम एकाच वेळी चालायचे आणि एकमेकांना हे नंबर देत-घेत राहायचे. म्हणून ताईंनी प्रत्येक नंबरासाठी एक वेष्टन लिहिलं होतं. नंबर त्याच्या आत. वेष्टनाची नक्कल करायला बंदी. काम संपलं की वेष्टन स्वतःच आतली वस्तू बंद करणार. कोणी नंबर उघडा बाहेर काढून वापरलेला दिसला, की ताई त्याला समोर बसवून त्याच्याचकडून तेवढा भाग पुसून घ्यायच्या. ऑफिसच्या स्कूटरची चावीही टेबलावर ठेवलेली त्यांना चालत नसे. हातातून हातात द्यायची. आमच्या मालकांकडे दोन डुप्लिकेट चाव्या होत्या आणि स्कूटरमध्ये पेट्रोल बहुधा नसायचंच. ताईंच्या शिस्तीला त्यानं काही बाधा येत नसे.

मग कापसाच्या ऐन हंगामात समुद्रपूरकडच्या एका जिनिंगमधून फोन आला. तिथे दोन काटे होते. मोठा ट्रक-ट्रॅक्टरचा, लहान टेम्पोचा. एका शेतकऱ्याचा भरलेला टेम्पो लहान काट्यावर चढला आणि पावतीवर वजन आलं ते गावातल्या काट्यावर आधी करून आणलेल्या वजनापेक्षा कितीतरी कमी. त्यानं टेम्पो आडवा लावला. मागे गाड्यांची रांग लागली. काट्यावर बसणाऱ्या काकांना लोकांनी घेरलं. काका घरी गोंडी बोलणारे, काट्यावर वऱ्हाडी. अर्धं आयुष्य त्या एका खुर्चीत गेलेलं. ते परत परत म्हणत होते की मी हात लावला नाही, आकडा मशीननं दिला. मशीन खोटं बोलत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे खोटं बोलणारा एकच उरत होता. जिनिंगच्या शेठनं वाद मिटावा म्हणून काकांना त्याच दुपारी घरी पाठवलं आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

आमच्या मालकांनी ही हकिगत आम्हाला सुटकेचा निःश्वास टाकत सांगितली. माणूस सापडला होता, म्हणजे पेटी सुटली होती.

ताईंनी मात्र त्यांच्या टेबलावर दोन काट्यांची नकली जोडणी मांडली. चालू असताना वायर काढायची, लावायची, पुन्हा काढायची. मी बाजूला बसून त्या मागतील तो स्क्रू देत होतो. दुपारी त्यांचा हात थांबला. डबा उघडला होता, पण त्या जेवल्या नाहीत. मी विचारलं, काय झालं. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली.

लहान काट्याची वायर मध्येच निसटली, की त्याचा नंबर बंद करायचा. तो बंद होत होता. पण पावती छापणारा भाग तोच जुना नंबर उराशी धरून बसला होता. मोकळा झालेला नंबर यंत्रानं पुढच्या गिऱ्हाइकाला दिला, म्हणजे दर वजनाला नव्यानं उघडल्या जाणाऱ्या मोठ्या काट्याला. मग टेम्पो लहान काट्यावर, आणि पावतीवर वजन शेजारी मोठ्या काट्यावर उभ्या असलेल्या रिकाम्या ट्रॉलीचं.

हे झालं कसं? तर एका ठिकाणी, फक्त एकाच, कोणीतरी नंबर वेष्टनातून बाहेर काढून तसाच पुढे दिला होता. त्या दोन ओळींपुढे लिहिणाऱ्याचं नाव होतं. ताईंचं.

"घाईत होतो मी," ताई म्हणाल्या. आमच्याकडे बायकाही 'होतो' म्हणतात. "म्हटलं, दोन ओळींनं का होते."

मालकांनी सुचवलं की प्रोग्राम गुपचूप दुरुस्त करावा आणि जिनिंगला 'लाइनीत गडबड होती' म्हणून कळवावं. त्यांचं म्हणणं अगदी व्यवहारी होतं: चूक सुधारतेच आहे, मग सांगायची कशाला? ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् काटेवाले काका?" मग त्यांनी मालकांसमोर हात पसरून स्कूटरची चावी मागितली. मी मागे बसलो.

जिनिंगमध्ये ताईंनी काकांना बोलावून घ्यायला लावलं. त्या दिवशीचा शेतकरीही टेम्पो घेऊन आला होता. शेठ, रांगेतले ड्रायव्हर, हमाल, सगळे गोळा झाले. ताईंनी मोठ्या काट्यावर रिकामी ट्रॉली उभी करायला सांगितली आणि लहान काट्यावर आमची स्कूटर. मग पेटीतली लहान काट्याची वायर काढली, परत लावली आणि पावती छापली. स्कूटरचं वजन ट्रॉलीइतकं आलं. हमाल हसले. शेठनं पावती उलटसुलट करून पाहिली.

"पाहा," ताई म्हणाल्या, "काकांनी काहीच केलं नाई. चूक माह्या प्रोग्राममधी होती. माही."

त्यांनी मग चप्पल स्टँडपासून सगळं समजावलं. लोक मन लावून ऐकत होते. टेम्पोवाल्या शेतकऱ्यानं शेवटी मान डोलावली आणि माझ्या शेजारच्या ड्रायव्हरला हळूच म्हणाला, "बाई चांगली हाये. गरिबाले वाचवून राह्यली."

ड्रायव्हरनं स्कूटरकडे पाहिलं. "कॉम्प्युटर तिचाच हाये ना बाप्पा. पाहिजे तो आकडा आनन ते."

शेठनं काकांना पुन्हा खुर्चीत बसवलं आणि खुर्चीच्या बरोबर वर कॅमेरा लावला. शेतकऱ्याला गावच्या वजनाची पावती मिळाली. ताईंच्या नावाचा गवगवा झाला: समुद्रपूरच्या जिनिंगमध्ये एका बाईनं दुसऱ्याची चूक अंगावर घेतली. आणखी दोन जिनिंगवाल्यांनी आमच्या पेट्या मागवल्या, कारण अशी माणसं असलेली कंपनी फसवणार नाही. मालक प्रत्येकाला भावुक होऊन ती गोष्ट सांगायचे. त्यात ताई थोर होत्या आणि प्रोग्राम निर्दोष होता.

ताईंना मी इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. स्तुती करायला आलेल्या माणसाला त्या खुर्ची देऊन प्रोग्रामच्या त्या दोन ओळी दाखवायच्या. माणूस कौतुकानं बघायचा आणि म्हणायचा, तुम्ही फार मोठ्या मनाच्या आहात. "मन नाई, भाऊ, नंबर," त्या म्हणायच्या. उपयोग व्हायचा नाही. आयुष्यभर त्या दुसऱ्यांच्या चुका नेमक्या शोधत आल्या होत्या, आणि स्वतःची एक सापडली तर ती कोणी त्यांची म्हणायला तयार नव्हतं.

मालकांनी त्यांचा पगार वाढवला आणि काम कमी केलं. नव्या प्रोग्रामचं काम माझ्याकडे आलं, ताईंकडे गिऱ्हाइकांना भेटण्याचं. त्यांनी ते थोडे दिवस केलं आणि मग नागपूरच्या एका कंपनीत नोकरी धरली. तिथे त्यांना कोणी ओळखत नव्हतं. जाताना त्या म्हणाल्या, "तिथं माही चूक माहीच राहीन."

त्यांना सोडायला मी वर्ध्याच्या बस स्टँडवर गेलो होतो. काटेवाले काकाही समुद्रपूरहून आले होते, तुरीच्या ओल्या शेंगांची पिशवी घेऊन. ताई खिडकीशी बसल्या. काकांनी पिशवी आत दिली.

मग म्हणाले, "बाई, तुमी माह्यासाठी खोटं बोलल्या. मी मरेपर्यंत इसरत नाई."

"काका, मी खोटं बोललो नाई. आइका, दोन काटे हायेत ना, त्यातला लहान..."

बस सुरू झाली. काका बरोबरीनं चालत होते, हात जोडून, दर शब्दाला हो बाई, हो बाई म्हणत. त्यांचे डोळे भरून आले होते. ताई खिडकीतून अर्ध्या बाहेर झुकून हवेत बोटानं एक काटा काढत होत्या, त्याच्या शेजारी दुसरा. बस फाटकातून वळली तेव्हाही त्यांचं बोट हलत होतं.