आयर्लंडात पेरलेली नाचणी

रविवार, १४ डिसेंबर २००३. चर्चमध्ये सातच्या मिस्साला गेले. थंडी बरी पडली आहे, शाल लागली. बागेतला एक घड उतरवला. दुपारी चार वाजता आग्नेलचा आयर्लंडहून फोन. सहा दिवस झाले, नाचणी उगवली नाही. मेरीला बोलावून घेतलं. दोघंही फोनवर भांडली. मग मी जुनी वही काढली.

त्या दिवसाची नोंद एवढीच आहे. तिच्या मागेपुढे जे घडलं ते सविस्तर लिहून ठेवावंसं वाटतं, कारण भुईगावात आग्नेल सगळ्यांना माहीत असला तरी त्या नाताळातला आग्नेल फक्त त्याच्या बायकोला, मेरीला, आणि मलाच ठाऊक आहे.

मी शाळेतून निवृत्त झालेली, गाव मला अजून टीचरच म्हणतं. आग्नेल माझा शेजारी. त्याची केळीची बाग आणि माझं कुंपण एकच. वयाच्या चौसष्टाव्या वर्षापर्यंत त्याने केळी, पानवेल आणि भाजी याशिवाय दुसरं काही केलं नाही. नाताळ आला की मात्र हा माणूस वेगळाच होई. त्याच्या अंगणातला ख्रिस्तजन्माचा गोठा बघायला सांडोरहून माणसं येत. पुठ्ठ्याची कौलारू घरं, रहाट असलेली विहीर, तांदूळ कांडणारी बाई, आणि या सगळ्याच्या भोवती खरीखुरी हिरवीगार शेतं. ही शेतं म्हणजे ताटांत पेरलेली नाचणी. दर वर्षी आठ डिसेंबरला, मरियामातेच्या सणाला, सकाळच्या मिस्साहून आला की तो पेरायचा. नाताळपर्यंत चांगली चार बोटं वाढायची. मी माझ्या वह्या चाळल्या तर १९७१ पासून प्रत्येक आठ डिसेंबरला ‘आग्नेलने नाचणी पेरली’ हे वाक्य सापडतं.

त्याची मुलगी पॉलिन नर्स. ती २००२ साली आयर्लंडला गेली, तिचा नवरा जॉयल वालीवचं वर्कशॉप सोडून सहा महिन्यांनी मागे गेला. तिथेच जीना झाली. पॉलिनची रजा संपली तेव्हा बाळाकडे बघायला कोणीतरी हवं होतं. मेरीने जावं असं सगळ्यांचं मत. मेरीने हात जोडले. “जमिनीपासून पाय सुटतील तिथे मी जाणार नाही. यांना पाठवा. एवढी केळी वाढवली, एक नात नाही वाढवता येणार?” आणि खरोखरच नोव्हेंबरच्या शेवटी आग्नेल, आयुष्यात पहिल्यांदा शिवलेला कोट घालून, नातीची लंगोटी बदलायला परदेशी गेला. गावात आठवडाभर तोच विषय होता.

तिथे त्यांचं गाव लहान. पॉलिनच्या हॉस्पिटलमुळे केरळच्या, फिलिपिन्सच्या, नायजेरियाच्या बऱ्याच नर्स तिथे आलेल्या. तिथल्या फादरने त्या वर्षी जाहीर केलं की चर्चमधला गोठा यंदा नव्याने आलेल्या कुटुंबांनी मांडायचा. फिलिपिनो कंदील करणार, केरळवाले चांदणी, नायजेरियाचे लोक गाणी म्हणणार. पॉलिनने सांगितलं, माझे डॅडी शेतं करतील. फादरने विचारलं, डिसेंबरात? आयर्लंडात? पॉलिन म्हणाली, हो, हिरवी. फादरने रविवारी सगळ्यांसमोर आग्नेलला उभं केलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या घेऊन बसलेल्या त्या माणसाच्या ताटांत सहा दिवस नुसती माती होती.

मेरीचा टेलिफोन रस्ता खणल्यापासून बंद, म्हणून तो माझ्याकडे फोन करायचा. मी फोनचा स्पीकर लावला, म्हणजे दोघींना ऐकू येईल.

“टीचर, एक कोंब नाही. पाणी बरोबर, माती बरोबर. इथली थंडी खातेय की काय?”

“घरात किती ऊब आहे?” मी विचारलं.

“घरात मी बनियनवर असतो. हीटर आहे. त्याच्यावर ताट ठेवलं, खाली ठेवलं, जीनाच्या पाळण्याखाली ठेवलं. इथे चर्चचा एक सेवक आहे, तो म्हणतो काळजी करू नको, माझ्याकडे प्लास्टिकचं गवत आहे. बावीस तारखेला संध्याकाळी गोठा मांडायचा. तोवर हिरवं दिसलं नाही तर तो ते अंथरणार.”

“मग अंथरू द्या,” मेरी म्हणाली. “बाळ येशूला काय, तो निजेल.”

“प्लास्टिकवर? एवढ्या लोकांत मला उभं केलं, मेरी! मी त्या दिवशी चर्चला जायचा नाही. ताप आला म्हणून सांगेन.”

“चौसष्ट वर्षांचा माणूस शाळेतल्या पोरासारखा ताप आणणार!”

“बरं,” एवढंच आग्नेल म्हणाला. आग्नेल भांडण अर्धवट सोडतो तेव्हा त्याला खरोखर लागलेलं असतं. मेरीलाही ते कळलं, कारण तिने पदराचं टोक चावायला सुरुवात केली.

मला एक शंका आली. त्याची बॅग माझ्याच घरी भरली होती, कारण वजनाचा काटा माझ्याकडे. मी नोव्हेंबरची पानं उलटली. २६ नोव्हेंबर: ‘आग्नेलची बॅग साडेतीन किलो जास्त भरली. लोणच्याच्या बरण्या काढल्या. मेरीने नाचणी दोन पिशव्यांत घातली. पेरायची साखरेच्या पिशवीत, रबर लावून. जीनाच्या सत्त्वाची दुधाच्या पिशवीत, दोरा बांधून. दुसरी भाजलेली आहे, घरभर वास.’

मी ते मोठ्याने वाचलं.

सत्त्वाची नाचणी दळून पाठवायची खरं तर. पण पलीकडच्या पुतळाबाईच्या जावयाची पिठाची पिशवी विमानतळावर फोडून बघितली होती म्हणे, तेव्हापासून आमच्या गल्लीत कोणी पीठ पाठवत नाही. मेरीने नाचणी भिजवली, मोड आणले, वाळवली, भाजली आणि अख्खीच दिली. तिकडे पॉलिनकडे मिक्सर होताच.

“डॅडींनी कुठली पेरली?” मेरीने एकदम विचारलं. घाबरली की ती नवऱ्याला डॅडी म्हणते, मुलीसारखं.

“दोऱ्याची. बियाणं मी नेहमी दोऱ्यानेच बांधतो ना!”

“अहो, ती भाजलेली! मी सांगितलं होतं दोऱ्याची बाळाची!”

“केव्हा सांगितलंस?”

“तुम्ही पासपोर्ट शोधत होता तेव्हा!”

“पासपोर्ट शोधणाऱ्याला नाचणी सांगतात?”

“आणि शेतकऱ्याला वासावरून कळत नाही? चण्यासारखी भाजली होती मी!”

“नाक चोंदलंय माझं, मेरी! विमानातून उतरल्यापासून चोंदलंय!”

एवढ्यात मागून पॉलिनचा आवाज आला. “रबरवाली पिशवी? मम्मी, ती मी आल्या दिवशीच मिक्सरला लावली. जीना रोज तीच खाते.”

मग मेरीने कपाळावर हात मारला. “पोरीला बियाणं खाऊ घातलं गं!”

“म्हणून तिचे दात एवढे जोरात उगवताहेत,” आग्नेल म्हणाला, आणि हसता हसता त्याला खोकला आला. हसला म्हणून मला जरा बरं वाटलं. पण बियाणं संपलं होतं आणि आठ दिवस उरले होते. इथून पाठवायचं म्हटलं तर पार्सल पोचेपर्यंत नवं वर्ष उजाडेल.

सोमवारी फोन नाही. मेरी तीन वेळा कुंपणाशी येऊन गेली. “काही?” “काही नाही.” आमचे नाताळच्या फराळाचे दिवस चालू होते, करंज्यांचं सारण माझ्या गॅसवर करपलं, मी लिहून ठेवलं आहे. मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला घंटा वाजली आणि मी हातातलं लाटणं घेऊनच धावले.

“टीचर, सापडलं.”

“काय सापडलं?”

त्याच्या शेजारी एक म्हातारी बाई राहते. एकटी. तिने झाडाला जाळी टांगून त्यात पाखरांसाठी दाणे भरलेले. आग्नेल जीनाला खांद्यावर घेऊन पाखरं दाखवत होता. एक दाणा खाली पडला. त्याने तो उचलून दातांखाली धरला. “कच्चा, टीचर! भाजलेला नाही!” या वेळी माणूस शहाणा झाला होता, दाताने बघत होता. त्याने हातवारे करून बाईला विचारलं. ती आत गेली आणि मोठी पिशवी घेऊन आली. तिला वाटलं याला पाखरं पाळायची आहेत. त्यात बाजरीसारखे बारीक दाणे, गहू, आणखी कसले कसले. त्याने ते दिवसभर भिजवले आणि पॉलिनच्या केकच्या ताटांत पेरले.

“आणि थंडी?” मी विचारलं.

“इथे प्रत्येक घरात एक कपाट असतं. आत गरम पाण्याची टाकी. लोक त्यात कपडे वाळवतात. जॉयलचे सगळे शर्ट बाहेर काढले मी.”

“पाखरांचं खाणं गोठ्यात!” मेरी माझ्या कानाशी पुटपुटली. पण ती उठून खिडकीपर्यंत गेली आणि परत आली, बसवेना तिला.

गुरुवारी, अठरा तारखेला, फोन वाजला. मी उचलला. तिकडून आग्नेल ओरडला, “फुटले!” आणि फोन ठेवून दिला. फोनच्या कार्डातली मिनिटं वाचवायची त्याला सवय लागली होती. तेव्हा माझं वय बहात्तर. केळीच्या वाफ्यांमधून, पाटाचं पाणी ओलांडून, स्लिपर चिखलात घालवत मी मेरीच्या मागच्या दारी पोचले. ती फुग्यांसाठी, म्हणजे नाताळात तळतो त्या गोळ्यांसाठी, मैदा चाळत होती.

“फुटले!” मी म्हणाले.

“किती?”

किती ते मी कुठे विचारलं होतं! ती माझ्यावर चिडली, आणि मग मैद्याच्या हातांनीच मला मिठी मारली. माझी निळी साडी धुवायला टाकावी लागली.

शनिवारी नवी अडचण. कपाटातल्या अंधारात कोंब बोटभर वाढले, पण पिवळे, पांढुरके. प्लास्टिकवाल्या सेवकाने येऊन बघितले आणि मान हलवून गेला. आता ऊन हवं. आणि तिथे ऊन सकाळी नऊला येतं, दुपारी चारला जातं, तेही आलं तर. आग्नेलने जीनाला एका काखेत घेतलं आणि दुसऱ्या हाताने ताटं उचलायला सुरुवात केली. सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत, दुपारी जिन्यावर, मग पॉलिनच्या झोपायच्या खोलीत. नाइट ड्यूटी करून झोपलेल्या पॉलिनच्या पायांशी चार ताटं. जॉयल मला फोनवर म्हणाला, “टीचर, सासरे रोज गवताला फिरायला नेतात. मला कोणी चहा विचारत नाही.”

“हिरवं होतंय का ते सांग.”

“एका बाजूने होतंय.”

“मग ताटं फिरवायला सांग!” मेरी माझ्या पाठीमागून ओरडली. “रोटीसारखी फिरवायची, सांग त्यांना!”

बावीस तारीख सोमवार. मी वहीत सकाळीच लिहिलं: ‘आज संध्याकाळी ठरणार.’ फोन आला नाही. तेवीसला नाही. चोवीसला मेरीने डुकराचं मांस शिजवलं, फुगे तळले, पाहुणे आले, आणि ती प्रत्येकाला वाढताना माझ्याकडे बघत होती. मीही तिच्याकडे बघून मान हलवत होते. नाही.

पंचवीसला, आमचं जेवण चालू असताना, दुपारी दीड वाजता फोनची घंटा वाजली. मेरी माझ्याकडे जेवायला होती. आम्ही दोघीही एकदमच उठलो आणि दारात एकमेकींवर आदळलो.

“नाताळ मुबारक!” आग्नेल.

“ते राहू द्या! हिरवं होतं का?” मेरी.

“सोमवारी जॉयलच्या गाडीत ताटं मांडीवर घेऊन गेलो. दोन माझ्या मांडीवर, दोन पॉलिनच्या. तो सेवक दारात उभा. काखेत प्लास्टिकच्या गवताची गुंडाळी. त्याने ताटांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मग गुंडाळी घेऊन परत आत गेला, ठेवून आला, आणि ताटं उतरवायला मदत केली.”

मेरी खुर्चीत बसली. “मग तेव्हाच फोन का नाही केलात? आमचा जीव इथे टांगलेला!”

“कार्ड संपलं होतं. आणि तिथे केवढं काम! विहीर केली, केळी केली कागदाची. फिलिपिनो मुलींनी कंदील एवढा मोठा केला की गोठ्याच्या छपराला टेकू लावावा लागला. नायजेरियाच्या बायकांनी कापडं दिली. आणि एक गंमत सांगू? त्या दाण्यांत सूर्यफूल होतं. बाजरीच्या मधोमध जाडजूड दोन-दोन पानांची रोपं वर आली. मला वाटलं उपटावीत. पॉलिन म्हणाली राहू द्या.”

“तण ठेवलंत शेतात?”

“ऐक तर. काल मिस्सा झाल्यावर तिथले दोन म्हातारे शेतकरी पुढे आले. हे जाडे हात. वाकून त्यांनी पात्याला बोट लावून बघितलं, खरं आहे का म्हणून. मग मातीला लावलं. एकाने मला विचारलं, हे पीक कुठलं? मी त्या शेजारणीकडे बोट दाखवलं. ती तोंडावर हात ठेवून हसत सुटली. मग त्या दोघांनी मला बाहेर नेलं, मेरी, अंधारात, त्यांचं शेत दाखवायला. काही दिसत नव्हतं. तरी बघितलं मी.”

“थंडीत बाहेर गेलात? टोपी घातली होती?”

“घातली होती. फादरने सगळ्यांसमोर पुन्हा उभं केलं.”

“टाळ्या?”

“झाल्या. पीक दाट आलं, मेरी. आपल्याकडे एवढं दाट येत नाही.”

“पाखरांच्या दाण्याला दाट म्हणता!” मेरी कडाडली. “या तुम्ही परत, मग दाखवते दाट!” पण तिने फोन दोन्ही हातांनी धरला होता आणि जीनाचं बोबडं ऐकू आलं तशी ती स्पीकरवर डोकं टेकवून बसली. अर्धा तास मी माझं ताट पुढ्यात घेऊन थांबले.

त्या संध्याकाळी वहीत मी लिहिलं: फोनच्या गडबडीत दूध फ्रिजबाहेर राहिलं, नासलं. चहा कोराच घेतला.